कपाटाचा खालचा कप्पा

थोरल्या नातीला जुळे झाले, त्या वर्षीची ही गोष्ट. एक मुलगा आणि एक मुलगी. फोन सकाळी आला तेव्हा आजी भाजी निवडत होती. तिने दोघांची वजने विचारली, रडतात कोणत्या आवाजात ते विचारले, फोन ठेवला आणि सुनेला म्हणाली, "दोन बाळं. म्हणजे दोन कप्पे लागतील."

सुनेला आधी कळलेच नाही. कळल्यावर ती म्हणाली, "अहो आई, एवढीएवढीशी झबली असतात. एका कप्प्यात दोघांचं मावेल."

"मावायला सगळंच मावतं. पण एकाचं ओलं दुसऱ्याच्या सुक्याला लागतं आणि मग जन्मभर भांडत बसतात. दोघांना दोन कप्पे."

नात पाच आठवड्यांनी, शनिवारी, बाळांना घेऊन येणार होती. तिचा मुक्काम रस्त्याकडच्या खोलीत, कारण उजेड तिथेच जास्त. त्याच खोलीत आजीचे कपाट होते. आजोबा सुतार. लग्न झाल्यावर पहिल्या वर्षी त्यांनी ते स्वतःच्या हाताने केले होते. दोन दारे, चार कप्पे. वरच्यात पांघरुणे, दुसऱ्यात आजीचे कपडे. तिसरा आजीने त्याच दुपारी रिकामा केला, ओल्या फडक्याने पुसला, कोरड्याने पुसला आणि आत कागद अंथरला. राहिला खालचा, चौथा. चौथ्यात कंपनीचे यंत्र होते.

ते तिथे कसे आले, हे सांगायला एकोणीस वर्षे मागे जावे लागेल. तेव्हा घरासमोर रस्त्याच्या कडेला सिमेंटचा ओटा आणि ओट्यावर कंपनीची लोखंडी पेटी होती. गल्लीतले सगळे टेलिफोन त्या पेटीतून जात. एका ट्रकने मागे येता येता ती पेटी चपटी केली. आतले यंत्र तेवढे वाचले. कंपनीचा तारवाला ते तान्ह्या लेकरासारखे छातीशी धरून आजीच्या दारात आला आणि म्हणाला, "काकू, जरा कोरडी जागा आणि विजेची सोय द्या. चार दिवसांसाठी. नवी पेटी आली की घेऊन जातो."

आजोबांनी खालचा कप्पा मोकळा करून दिला. कपाटाच्या पाठीला तारेपुरते भोक पाडले आणि त्याच्या कडा इतक्या घासल्या की बोट फिरवले तर लोणी वाटावे. यंत्र आत बसले आणि गुणगुणू लागले. नवी पेटी काही आली नाही. मोकळ्या ओट्यावर आजी संध्याकाळची बसू लागली. कंपनीच्या वहीत मात्र पेटी ओट्यावर उभीच होती, कारण ती पडल्याचे कोणी लिहिलेच नव्हते. टेलिफोनच्या जागी इंटरनेट आले, यंत्राचे आतडे तीनदा बदलले, आजोबा गेले, तारवाल्याचे केस पांढरे झाले. आजी त्याला पाठीमागे 'चार दिवस' म्हणे. "आज चार दिवस आला होता, पंखा साफ करून गेला." पुढे पुढे ती समोरही तेच म्हणू लागली, आणि त्यानेही ते मान्य केले.

तर आजीने चार दिवसला बोलावून घेतले. तो आला, कपाटासमोर उकिडवा बसला आणि यंत्राकडे बघत राहिला.

"मला माझा कप्पा परत पाहिजे," आजी म्हणाली.

"द्यायलाच पाहिजे काकू. पण कंपनीच्या वहीत हे यंत्र रस्त्यावर आहे. जे रस्त्यावर आहे ते घरातून कसं हलवायचं? अर्ज केला तर विचारतील, घरात गेलं कधी?"

"मग सांग की, कधी गेलं ते."

"तीन महिन्यांनी मी निवृत्त होणार आहे," चार दिवस म्हणाला. तेवढ्यात त्याचे उत्तर आले होते. मग तो म्हणाला, "पण एक आहे. कंपनी आता सगळ्या पेट्या नव्यानं संगणकात चढवतेय. एक मुलगी दारोदार फिरतेय. तिला खरं काय ते दाखवा. खरं एकदा लिहिलं गेलं की मग रीतसर हलवता येईल."

आजीला हे पटले. खरे सांगायला तिला कधीच अडचण वाटत नसे.

ती मुलगी सोमवारी आली. पाठीवर पिशवी, कमरेला मोजपट्टी, हातात पाटीएवढा संगणक. तिच्या वाट्याला चारशे बारा पेट्या होत्या. चारशे अकरा नोंदवून झाल्या होत्या, ही शेवटची. गल्लीतल्या लोकांनी तिला तोवर 'नोंदवाली' करून टाकले होते. ती थेट ओट्यापाशी गेली. ओट्यावर आजी बसली होती.

"आजी, इथे एक पेटी असायला हवी."

"हवी ना. मीही एकोणीस वर्षं तेच म्हणतेय. ये आत."

नोंदवालीने कपाट उघडलेले पाहिले. मग तिने जमिनीवर मांडी घातली. ती कामाची मुलगी होती. समोर जे आहे ते लिहायचे, नाही ते लिहायचे नाही, एवढे एकच तिला ठाऊक होते, आणि त्यापायीच पुढचे सगळे घडले.

"यादीचं असं आहे आजी," ती म्हणाली. "यंत्र कप्प्यात, कप्पा पेटीत, पेटी खोलीत, खोली इमारतीत. कुठलीही वस्तू कशाच्या तरी आत असल्याशिवाय यादी ती घेतच नाही."

"आणि इमारत?"

"गल्लीत."

"गल्ली?"

"गावात."

"आणि गाव?"

नोंदवालीने विचार केला. "गावाच्या पुढे मला परवानगी नाही," ती म्हणाली आणि प्रश्न विचारू लागली. "पेटी बनवणारा कोण?"

"आमचे हे."

नोंदवालीने सुनेकडे पाहिले. सुनेने सासऱ्यांचे नाव सांगितले. जिथे मोठमोठ्या कारखान्यांची नावे असतात, तिथे ते लिहिले गेले. आजीने ते दोनदा मोठ्याने वाचून घेतले.

"वजन किती पेलतं?"

"पुष्कळ," सून म्हणाली. "मागे एकदा वरचं पांघरूण काढायला मी तिसऱ्या कप्प्यावर चढले होते."

"तेव्हा किती होतं?"

"काय?"

"तुमचं वजन."

"ते लिहायलाच पाहिजे का?"

"रकाना रिकामा ठेवता येत नाही, ताई."

सुनेने आकडा नोंदवालीच्या कानात सांगितला. आजी म्हणाली, "त्यात चार मिळव." नोंदवालीने चार मिळवले.

"आत पाणी शिरतं?"

"माझ्या कपाटात?"

"उंदीर?"

या प्रश्नाला आजीने उत्तर दिले नाही. नोंदवालीने आपणच 'नाही' लिहिले.

"पेटीरक्षक कोण? म्हणजे जबाबदारी कोणाची?"

"साठ वर्षं कोणाची होती? माझीच."

"आता कप्पे. पहिला भरलेला. दुसरा भरलेला. तिसरा?" तिने वाकून पाहिले. "रिकामा."

"रिकामा नाही गं तो. बाळाचे कपडे यायचेत त्यात."

"पण आत्ता काय आहे?"

"कागद आहे."

"आजी, जे आत्ता आहे तेच लिहावं लागतं. कपडे आले की मी येऊन बदलून देते ना," नोंदवाली म्हणाली आणि तिने 'रिकामा' लिहिले. मग तिने एक बटण दाबले, आणि चारशे बाराव्या पेटीशेजारी हिरवी खूण उमटली. ती खूश झाली. आजीही खूश झाली. खरे लिहिले गेले होते. आता कप्पा मोकळा व्हायला कितीसा वेळ.

बुधवारी सकाळी कंपनीचा एक माणूस आला. त्याच्याकडे एक पाटी, आग विझवण्याचे लाल नळकांडे आणि एक जाड वही होती. ज्या खोलीत कंपनीची पेटी असते त्या खोलीत या तीन वस्तू असल्याच पाहिजेत, असा नियम होता. त्याने खोलीच्या दारावर पाटी ठोकली: 'परवानगीशिवाय प्रवेश नाही'. नळकांडे आजीच्या पलंगाच्या उशाशी टांगले. वही कपाटाच्या दाराला दोरीने बांधली.

"कपाट उघडलं की लिहायचं," तो म्हणाला. "तारीख, वेळ, कशासाठी उघडलं, आणि खाली रक्षकाची सही. रोज रात्री पानाचा फोटो कंपनीला पाठवायचा."

तो गेल्यावर सून झाडू घेऊन दारापाशी थांबली. "आई, केर काढायला आत येऊ का?"

"ये. मी रक्षक आहे ना, माझी परवानगी आहे."

अडचण संध्याकाळी आली. आजीने शाल काढायला कपाट उघडले. सुनेने तारीख, वेळ लिहिली. 'कशासाठी'पुढे 'थंडी' असे लिहिले. आजीने खाली अंगठा उमटवला, कारण आजीला लिहिता येत नव्हते. अठ्ठ्याहत्तर वर्षांत तिचे त्यावाचून अडले नव्हते. हिशेब तोंडी, वाटा पायाला पाठ, आणि माणसे तोंडावरून ओळखू येत. रात्री फोटो गेला, आणि लगेच कंपनीचा निरोप आला: 'नोंद अपूर्ण. सहीच्या जागी डाग आहे. डाग पुसून पुन्हा पाठवा.'

दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी सुनेने नोंदवालीला फोन लावला. "मी केली सही तर चालेल का?"

"चालेल ना ताई. फक्त रक्षक म्हणून मग तुमचं नाव घालावं लागेल."

"घालायचं नाही," आजी पलंगावरून म्हणाली.

"अहो आई, नुसतं नाव तर आहे."

"मी अजून आहे."

सुनेने फोन ठेवला. मग आजी म्हणाली, "नातीची जुनी पाटी कपाटावर असेल बघ. काढ. मला अक्षरं शिकव."

"आता?"

"आता नाही तर काय, जुळी शाळेत गेल्यावर त्यांच्या शेजारी बसू?"

आणि ती बसलीच. सकाळी कामे उरकली की एक तास, दुपारी एक तास. पेन्सिल तिने लाटण्यासारखी धरली होती ती सुनेने दोनदा सुधारली, तिसऱ्यांदा सोडून दिली. हात चुकला की आजी हातालाच दटावे, "कुठे निघालास? इकडे ये." नऊ दिवसांनी वहीत तिचे नाव उमटले. अक्षरे एकमेकांना धरून चाललेल्या आंधळ्यांसारखी तिरपी होती, पण अक्षरे होती. त्या रात्री निरोप आला: 'नोंद पूर्ण.' सुनेने तो वाचून दाखवला. आजी म्हणाली, "बरं. आता कप्प्याचं काय म्हणतात?"

कप्प्याचे कोणी काहीच म्हणत नव्हते. म्हणत होते ते कपाटाचे. तिसऱ्या आठवड्यात तपासणीचे लोक आले. त्यांनी बिजागऱ्या हलवल्या, कोपऱ्यांत दिवा मारला, लाकडाला कान लावला, दमट आहे का ते मोजले. शंभरापैकी गुण द्यायचे होते. त्या भागातल्या लोखंडी पेट्यांना कुठे एकतीस, कुठे चाळीस मिळाले होते. एकीत तर पालीचे कुटुंब राहत होते. आजीच्या कपाटाला शहाण्णव मिळाले. चार गुण गेले ते केवळ त्यावर कंपनीची क्रमांकाची पट्टी नव्हती म्हणून. ती त्यांनी लगेच ठोकली.

दोन दिवसांनी खुद्द मोठे साहेब आले. त्यांनी बूट बाहेर काढले, वहीत रीतसर नोंद केली, आणि कपाटाचे दार सहा वेळा उघडून सहा वेळा लावले. आवाज आला नाही.

"कोणी केलंय हे?"

"आमच्या ह्यांनी. अठरा दिवस नुसतं घासत होते. मी म्हणायचे, अहो, कपाट करताय की आरसा?"

"साठ वर्षं झाली, आणि फट नाही कुठे," साहेब म्हणाले. "एकोणीस वर्षांत हे यंत्र एकदाही बंद पडलं नाही, त्याचं कारण आज कळलं. आजी, ही आमची नमुना पेटी. सगळ्यांना दाखवायला आणणार आम्ही. ही इथून हलणार नाही."

आजीने त्यांना चहा दिला. त्या दिवशी ती ओट्यावर बसून येणाऱ्या जाणाऱ्याला शहाण्णवची हकीकत सांगत होती. तिसऱ्यांदा सांगताना ती मध्येच थांबली. आत येऊन सुनेला म्हणाली, "हलणार नाही म्हणाले ना ते?"

"हो."

"म्हणजे कप्पा गेला."

"मी तेव्हाच म्हणणार होते, पण तुम्ही इतक्या खूश होतात."

चौथ्या आठवड्यात याहून वाईट झाले. नोंदवाली आली ती खाली मान घालून. यंत्राला जोडीदार येणार होता. गल्लीत घरे वाढली होती, एका यंत्राने भागत नव्हते. दुसरे यंत्र पहिल्याच्याच पेटीत बसवायचे होते, आणि यादीने पाहिले होते की या पेटीत तिसरा कप्पा रिकामा आहे.

"म्हणजे मी एक कप्पा मागितला," आजी म्हणाली, "आणि तुम्ही दुसरा घेणार."

"यादीनं आपणच काढला हुकूम, आजी. सोमवारी दोघं जण घेऊन येतील." नोंदवालीचा आवाज बारीक झाला होता. "मी रिकामा लिहायला नको होतं."

"रिकामाच होता तो. तू खोटं नाही लिहिलंस."

सोमवार चार दिवसांवर होता. त्यानंतरच्या शनिवारी नात येणार होती. संध्याकाळी चार दिवस आला. त्याने दार लोटून घेतले आणि हळू आवाजात सांगितले, "काकू, सोपं आहे. एक बिजागरी सैल करतो. पाठीच्या फळीवर जरा पाणी मारतो. उद्या तपासणी पुन्हा बोलावू. चाळीसच्या खाली गुण आले की पेटी नापास. दोन दिवसांत ओट्यावर नवी पेटी उभी राहते, यंत्र तिकडे. नंतर बिजागरी मी परत घट्ट करून देतो."

आजीने ऐकून घेतले. सुनेला वाटले, ती हो म्हणणार.

"ह्यांच्या कपाटाला नापास करायचं?"

"कागदावर फक्त, काकू."

"कागदावरच तर त्यांचं नाव आहे," आजी म्हणाली. "ते मी दोनदा वाचून घेतलंय. त्या नावाखाली नापास लिहायचं नाही. दुसरं काहीतरी सांग."

चार दिवसकडे दुसरे काही नव्हते. पण आजी जागची उठली नाही. तिने सुनेकडून नोंदवालीला फोन लावून घेतला. "पोरी, पेटी बदलायची तर कारणं काय काय चालतात? सगळी वाच."

नोंदवाली वाचू लागली. गंज. पाणी. आग. वाहनाची धडक. चोरी. उंदीर.

"पुढे."

"जागा अपुरी. म्हणजे जुनं आणि नवं, दोन्ही यंत्रं एका पेटीत मावत नसली तर दोघांसाठी नवी पेटी द्यावी लागते. पण आजी, ते बघून ठरवतात. नवं यंत्र सहा इंच उंचीचं आहे. कुठल्याही कप्प्यात सहा इंच जागा दिसली की ते बसवतील."

"आणि नाही दिसली तर?"

"तर रक्षकानं स्वतःच्या अक्षरात तसं लिहून द्यायचं. दुसऱ्यानं लिहिलेलं चालत नाही."

"कपाट नापास होत नाही ना त्यानं?"

"नाही. भरलेली पेटी म्हणजे चांगली पेटी."

"बास," आजी म्हणाली. "खोटं काही लिहायचं नाही. कपाट भरायचं."

सोमवारपर्यंत त्या घरात दुसरे काम झाले नाही. आजीने आपल्या जुन्या चादरी फाडल्या, सुनेने शिलाई मशीन उंबऱ्यात मांडले. दुपटी, लंगोट, टोपडी, झबली. गल्लीतल्या बायकांना आजीने ओट्यावरून हाक दिली आणि ज्यांची मुले मोठी झाली होती त्यांनी लहानपणीचे आणून दिले. एकीने पायमोज्यांचे बावीस जोड आणले. तिला चार मुलगे होते. शेवटी चार दिवससुद्धा एक पिशवी घेऊन आला आणि काही न बोलता ठेवून गेला. आत त्याच्या मुलाचा लोकरीचा कोट होता, दोन वर्षांच्या बाळाचा. आजी घड्या घालून रचत होती आणि दर रात्री नातीची फूटपट्टी घेऊन उरलेली जागा मोजत होती. शुक्रवारी अकरा इंच. शनिवारी नऊ. रविवारी सात. पाटीवर दुसरा अभ्यास चालू होता, दोन शब्दांचा. ते तिने सुनेसमोर किती वेळा गिरवले याचा हिशेब नाही.

सोमवारी दहाला ते दोघे आले. एकाच्या खांद्यावर यंत्र, दुसऱ्याच्या हातात मोजपट्टी. मागोमाग नोंदवाली आली. चार दिवस आधीपासूनच दारात उभा होता. आजीने वहीत वेळ लिहून घेतली आणि दार उघडले.

मोजपट्टीवाल्याने पहिला कप्पा पाहिला. पांघरुणांवर साडेसात इंच जागा होती. आजी पलंगापाशी गेली, स्वतःची गोधडी घडी करून आणली आणि त्या जागेत सरकवली.

"आता रात्री काय पांघराल?" सून म्हणाली.

"यंत्र नेलं की ठरवू."

दुसरा कप्पा गच्च, चौथ्यात जुने यंत्र. तिसऱ्यात कपड्यांच्या भिंती उभ्या होत्या, आणि वर लोकरीचा कोट. त्याने मोजले. पुन्हा मोजले. "साडेपाच."

"अर्धा इंच कमी," चार दिवस म्हणाला.

"कापडच आहे हो." मोजपट्टीवाल्याने कोटावर तळवा ठेवला. "जरा दाबलं की बसेल."

"दाबून मोजायचं, असं कुठे लिहिलंय?" आजीने विचारले.

त्याने हातातला कागद उलटा सुलटा केला. तिथे दाबण्याबद्दल काहीच नव्हते. त्याने नोंदवालीकडे पाहिले. आजीनेही पाहिले. नोंदवालीची चारशे अकरा पेट्यांची हिरवी रांग या एका पेटीने मोडणार होती आणि सगळे पुन्हा लिहावे लागणार होते.

"जे आहे ते," ती म्हणाली. "साडेपाच. न दाबता."

"मग रक्षकानं लिहून द्यावं लागेल," मोजपट्टीवाला म्हणाला. "कोण रक्षक?"

आजी खाली बसली. वही मांडीवर घेतली. पेन धरले. पहिल्या अक्षरालाच इतका वेळ लागला की यंत्र धरलेल्या माणसाने खांदा बदलला. दुसऱ्या अक्षराच्या वेळी त्याने यंत्र खाली ठेवले. आजीची जीभ दातांत होती. कपाटातले जुने यंत्र गुणगुणत होते, दुसरा आवाज नव्हता. मग तिने पेन उचलले, लांबून पाहिले आणि वही मोजपट्टीवाल्याच्या हातात दिली. पानभर मोठ्या अक्षरांत लिहिले होते: 'जागा नाही.' खाली सही.

"वाचता येतंय ना?" आजीने विचारले.

"येतंय," तो म्हणाला.

गुरुवारी ओट्यावर नवी लोखंडी पेटी उभी राहिली. शुक्रवारी दुपारी चार दिवसने खालच्या कप्प्यातले यंत्र तारा सोडवून बाहेर काढले आणि आले होते तसेच छातीशी धरले. दारात तो वळला. "काकू, चार दिवस झाले बरं का."

"वेळेवर आलास," आजी म्हणाली.

तिने खालचा कप्पा ओल्या फडक्याने पुसला, कोरड्याने पुसला आणि कागद अंथरला. लाकूड अजून कोमट होते. शनिवारी नात आली. मुलाचे तिसऱ्या कप्प्यात, मुलीचे चौथ्यात. पायमोजे दोघांना अकरा अकरा.

संध्याकाळी आजी सवयीने ओट्याकडे निघाली आणि पेटी पाहून थांबली. बसायला जागा उरली नव्हती. तिने सुनेला खुर्ची आणायला सांगितली आणि पेटीच्या शेजारी बसली. पेटीला पहिल्या तपासणीत अडतीस गुण मिळाले. आजीने ते कोणाला सांगितले नाही.

कपाट मात्र यादीतून गेले नाही. ज्या पेटीत काही ठेवलेले आहे ती पेटी यादीतून काढता येत नाही, आणि आजीचे कपाट कधी रिकामे नव्हते. तशात ती नमुना पेटी. त्यामुळे पाटी राहिली, नळकांडे राहिले, वही संपली की नवी वही येत राहिली. वर्षातून एकदा नोंदवाली येई, आता पट्टी होती म्हणून शंभर देई आणि जेवून जाई. आजी आता 'कशासाठी'चा रकाना स्वतः भरी. 'उघडलं. टोपी.' 'उघडलं. मुलीनं मुलाचा मोजा घेतला, परत ठेवला.' 'उघडलं. उगीच.' जुळी चालायला लागली तशी दारावर टकटक करून परवानगी मागायला शिकली, आणि पुढे वहीत सही करायलाही. त्यांच्या आणि आजीच्या अक्षरांत फार फरक नव्हता.

जुळी शाळेत जायला लागली त्या वर्षी, एका मंगळवारी, आजीने दुसरा कप्पा काढला. आपले कपडे एकेक करून वाटले. काही सुनेला, काही नातीला, काही शेजारी. मग वहीत लिहिले. रात्री सुनेने रोजच्यासारखा पानाचा फोटो कंपनीला पाठवला. वाचला नाही.

गुरुवारी सकाळी दोघे जण खांद्यावर नवे यंत्र घेऊन दारात उभे राहिले.

"इथे कप्पा मोकळा आहे, असं रक्षकानं कळवलंय," त्यांतला एक म्हणाला.

सुनेने वही उघडली. मंगळवारच्या पानावर आजीच्या हाताने लिहिले होते: 'दुसरा कप्पा. जागा आहे.' तिने कपाटाचे दार उघडले. कप्पा पुसलेला होता, आत कागद अंथरलेला होता.

"रक्षक कुठे आहेत?" त्याने विचारले.

"मीच," सून म्हणाली. तिने पेन घेतले आणि आजीच्या ओळीखाली लिहिले: 'जागा नाही.' खाली सही केली.

"अहो ताई, कप्पा रिकामा दिसतोय की."

"दिसतोय. तरी नाही."

त्यांनी एकदा कपाटाकडे पाहिले, एकदा तिच्याकडे पाहिले, आणि यंत्र उचलून ते गेले.

आजी आदल्या दिवशी, बुधवारी सकाळी साडेसहाला गेली होती. वय चौऱ्याऐंशी.